गुंडीच्या घरचा सण

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते चोर समजून. साधासुधा नाही, पोरं पळवणारा चोर.

शाळा सुटून बराच वेळ झाला होता. बाहेर भुरभुर पाऊस चालू होता आणि माझ्या दुसरीच्या वर्गातली एकच मुलगी अजून बाकावर पाय हलवत बसली होती. गुंडी. शर्टाच्या गुंडीएवढी होती म्हणून घरीदारी सगळे तिला गुंडीच म्हणायचे. तेवढ्यात दारात एक उंच माणूस उभा राहिला. केसांतून पाणी गळतंय, धाप लागलेली.

‘‘गुंडीला न्यायला आलोय. मी तिचा काका.’’

गुंडी ‘काका’ म्हणत धावली. तरी मी तिचा हात सोडला नाही. रोज तिची आई यायची. आज अचानक हा कोण?

‘‘ती मला काका म्हणाली, ऐकलंत ना तुम्ही?’’ तो म्हणाला.

‘‘या वयाची मुलं फुगेवाल्यालाही काका म्हणतात.’’

‘‘आणि माझा चेहरा? तो काही पोरं पळवणाऱ्याचा वाटतो का?’’

‘‘चेहरा बघून मूल देत नाही आम्ही.’’

तो हसला... आणि हसताना खरंच पोरं पळवणाऱ्यासारखा दिसत नव्हता, पण मी विरघळले नाही. त्याला एका लहानग्या खुर्चीत बसवलं आणि फोन लावत राहिले. बिचारा गुडघे हनुवटीला लावून बसून राहिला. शेवटी गुंडीच्या आईनेच फोन उचलला, तोही दवाखान्यातून. तिला दिवस गेलेले होते आणि डॉक्टरांनी सकाळीच भरती करून घेतलं होतं. नवरा जहाजावर. हा तिचा धाकटा दीर, बाजारातल्या चष्म्यांच्या दुकानात काम करतो, आता गुंडीला तोच सांभाळणार. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानेच हात जोडले.

‘‘बाई, असंच करत जा. आमची गुंडी चांगल्या हातात आहे.’’ मग म्हणाला, ‘‘तुमच्या चष्म्याची डावी काडी सैल झालीय. नाकावरून घसरतो सारखा. दुकानात या... किंवा मीच येईन, तसाही रोज येणारच आहे.’’

ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी गुंडीचा हात सोडल्यावरही मूठ तशीच घट्ट धरून उभी होते.

मी अशीच आहे. भित्री. गॅस बंद केला का ते बघायला जिना उतरून पुन्हा चढणारी. मी मावशीकडे राहते, ती म्हणते, तुझ्या पोटात गोळा कायमचा भाड्याने राहिलाय. आणि अशा बाईच्या गळ्यात शाळेने काय बांधावं? तर सण.

आमच्या शाळेत नाना घरांची, नाना धर्मांची मुलं. कुणाचं नवं वर्ष आता, तर कुणाचं सहा महिन्यांनी. एकाचा उपास सुटतो त्याच आठवड्यात दुसऱ्याचा धरतो. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एक पद्धत पाडली होती. ज्याच्या घरचा सण, ते मूल त्या दिवशी शाळेचं पाहुणं. त्याने कशाला हात लावायचा नाही. पुढे मांडलेल्या मोठ्या खुर्चीत घरच्यांसोबत बसायचं, आणि त्याचा सण बाकीच्या मुलांनी करायचा. नाहीतर काय होतं, मोठ्या बाई सांगायच्या, एक पोरगं नटूनथटून आपला सण करून दाखवतं आणि बाकीचे जत्रेतला खेळ बघावा तसे बघतात. दुसऱ्याचा सण स्वतःच्या हातांनी केला की तो निम्मा आपला होतो.

सुंदर कल्पना. फक्त एकच मेख, करणाऱ्याने चुकायचं नाही. आदल्या वर्षी तिसरीच्या बाई चुकल्या होत्या. कुणीतरी त्यांना अर्धवट सांगितलं आणि एका घराचा दुःखाचा दिवस त्यांनी आनंदाचा समजून फुगे लावले, पोरांना नाचायला लावलं. पाहुण्या मुलाचे वडील मधेच उठले, मुलाला कडेवर घेतलं आणि एक शब्द न बोलता निघून गेले. बाजा वाजतच राहिला, कारण तो बंद करायचं कुणाला सुचेना. महिना संपायच्या आत त्या बाईही शाळेतून गेल्या. ते काम मग माझ्याकडे आलं. मी तेव्हा तात्पुरती होते. यंदाचे सण नीट पार पडले की तुमचं कायम करायचं बघू, असं मोठ्या बाई म्हणाल्या. मी मान डोलावली आणि घरी येऊन मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

त्या वर्षीचे तोवरचे सगळे सण मी जीव मुठीत धरून पार पाडले. दहादा विचारायचं, अकराव्यांदा खात्री करायची. आणि मग गुंडीचा नंबर आला.

गुंडीच्या लोकांची गावात मोजकीच घरं, तीही नव्याने आलेली. त्यांच्यात वर्षातून एकच मोठा सण, त्याला ते वर्षसण म्हणतात. बाकी शाळेत कुणाला काडीचं काही माहीत नव्हतं. वर्गातली पोरं गुंडीला चिडवायची, तुमच्यात सणच नसतात म्हणून. ती भांडायची नाही, गप्प व्हायची. एकदा माझ्या टेबलापाशी येऊन तिने हळूच विचारलं, ‘‘बाई, खुर्ची माझ्यासाठी पण मांडणार ना?’’ मी हो म्हटलं. त्यानंतर माझी झोपच उडाली.

गुंडीला विचारलं तर म्हणाली, त्या दिवशी आम्ही लहान मुलं शेजारी खेळायला जातो. एवढंच. तिच्या आईला दवाखान्यात त्रास द्यायचा नव्हता. म्हणून काकाला विचारलं.

‘‘वर्षसण? म्हणजे काय, माझ्या घरचाच सण,’’ तो म्हणाला. ‘‘शिकवतो की मी. त्यात काय एवढं?’’

‘‘नक्की माहितीय ना? सगळं? अगदी बारीकसारीक?’’

‘‘बाई, तुम्ही पोलिसात असायला हव्या होत्या.’’

मग तो दुकानातून सुटून रोज आमच्या चित्रकलेच्या खोलीत येऊ लागला. गुंडी कोपऱ्यात रंगवत बसायची आणि तो मला सण शिकवायचा. घंटा कशा वाजवायच्या, गोल कसं फिरायचं, टाळ्यांचा ठेका, एक छोटंसं गाणं. गाण्याची चाल इतकी गोड होती की मी भाजी निवडताना ती गुणगुणायला लागले. मावशी माझ्याकडे बघत राहायची आणि काही बोलायची नाही. ती बोलली असती तर बरं, असं व्हायचं.

पण सगळ्यात महत्त्वाचा विधी दिव्याचा, असं तो म्हणाला. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. एकाने पेटता दिवा दोन्ही हातांनी दुसऱ्याच्या हातात द्यायचा. मात्र दिव्याकडे बघायचं नाही. एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं. नजर हलली की पुन्हा पहिल्यापासून.

‘‘पोरांच्या हातात पेटता दिवा?’’ मी विचारलं.

‘‘पोरांना विजेरीवर चालणारे देऊ. तुम्ही मात्र खऱ्याने शिकायला हवं. शिकवणाऱ्याने खऱ्याने शिकावं, असं आहे आमच्यात.’’

पहिल्यांदा माझी नजर पटकन खाली गेली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मी बघितलं... त्याच्या उजव्या भुवईत एक बारीक व्रण होता, आणि डोळ्यांत दिव्याची ज्योत हलत होती. दिवा माझ्या हातात आला तेव्हा त्याची बोटं अर्धा क्षण तशीच राहिली. भाजलं नाही, तरी मी दचकले.

‘‘घाबरलात?’’

‘‘मी कधी घाबरलेली नसते ते विचारा.’’

‘‘आता कशाला घाबरलात?’’

मी म्हटलं, दिव्याला. तो फुंकर घालून दिवा विझवायला वाकला. मला हायसं वाटलं, आणि वाईटही.

एकदा त्याने खिशातून एवढासा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि माझा चष्मा मागून घेतला. चष्म्याशिवाय मला तीन पावलांवरचा माणूस ढगासारखा दिसतो. ‘‘आता कसा दिसतो मी?’’ त्याने काडी आवळत विचारलं. मी म्हटलं, धुरकट. ‘‘मग बराच दिसत असणार,’’ तो म्हणाला, आणि चष्मा माझ्या हातात न देता स्वतःच हळूच माझ्या कानांवर बसवला. सगळं एकदम स्पष्ट झालं आणि तो फार जवळ होता. गुंडी कोपऱ्यातून ओरडली, ‘‘काका, बाई लाल झाल्या!’’

तो आवडायला लागल्याची मला भीती वाटत होती, हे सरळ सांगते. तो वेगळ्या घरातला, वेगळ्या रीतीतला. आमच्याकडे अशा लग्नावरून मामाने माझ्या मामेबहिणीशी बोलणं टाकलं होतं, आणि त्याच्या घरचं काय ते मला माहीतही नव्हतं. पण रोज संध्याकाळी चित्रकलेच्या खोलीची कडी वाजली की मी हातातलं टाकून दाराकडे बघायचे. दिव्याचा विधी आम्ही दर तालमीला करायचो. का, ते मी विचारलं नाही.

सणाला दोन दिवस उरले असताना तो आला तो हसलाच नाही. दारातच उभा राहिला. गुंडीला आणलं नव्हतं.

‘‘आई आलीय गावाहून,’’ तो म्हणाला. ‘‘वहिनीजवळ राहायला. सणाला शाळेत येणार म्हणतेय. आमच्यातली चार मोठी माणसंही येणार आहेत.’’

‘‘मग चांगलं आहे की.’’

‘‘नाही बाई, चांगलं नाही.’’ त्याने कपाळ पुसलं. ‘‘मला सण माहीत नाही.’’

मला आधी कळलंच नाही. मग तो बोलत गेला. त्यांच्यात लहान मुलांना सणाच्या सकाळी शेजारी पाठवतात आणि संध्याकाळी परत आणतात. संध्याकाळचा गोंधळ, हसणं, घंटा, तेवढं त्याला आठवत होतं. सकाळी मोठी माणसं घरात काय करतात ते त्याने कधी पाहिलंच नाही, कारण मोठ्यांत बसायचं वय व्हायच्या आत तो शिकायला बाहेरगावी गेला, आणि पुढे नोकरीत सणाला घरी जाणं जमलं नाही. मी विचारलं तेव्हा त्याला वाटलं, आठवेल. आठवलं नाही. मग त्याने जुळवलं.

‘‘किती जुळवलं?’’

‘‘गाणं माझं आहे. टाळ्या... गोल फिरणंही.’’

‘‘आणि दिवा?’’

तो खिडकीबाहेर बघत राहिला. ‘‘दिवा तर सगळाच माझा.’’

मला राग आला की लाज वाटली, सांगता येणार नाही. दोन्ही एकदम आलं. एकेका तालमीतली माझी न हललेली नजर आठवली आणि कान तापले. पण त्याहून मोठी होती ती भीती. सगळ्या शाळेसमोर, त्यांच्याच माणसांसमोर, आम्ही त्यांच्या सणाचं सोंग काढणार होतो. तिसरीच्या बाईंना निदान कुणीतरी अर्धं तरी खरं सांगितलं होतं.

‘‘तुम्ही मला नाही म्हणू शकला असतात,’’ मी म्हटलं. ‘‘माझी नोकरी जाऊ दे. गुंडी त्या खुर्चीत बसणार आहे. पहिल्यांदाच. तिची आजी समोर असणार, आणि पोरं तिच्या सणावर हसणार.’’

‘‘मी आईला सांगतो सगळं. मोठ्या बाईंनाही सांगतो. दोष माझा आहे.’’

‘‘तुम्ही सांगितलेलं मी एकदा ऐकलंय,’’ मी म्हटलं, आणि पर्स उचलली. हे मी बोलले, यावर माझाच विश्वास बसेना. ‘‘आता मी तुमच्या आईंनाच विचारणार. आणि तुम्ही सोबत यायचं नाही.’’

त्यांच्या घरी पोचेपर्यंत तीनदा परत फिरावंसं वाटलं. दार आईंनीच उघडलं. लहानखुरी बाई, पाठ ताठ, बोलणं मोजून मापून. येणाऱ्या बाळासाठी जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवत होत्या. मी ततपप करत कसंबसं सगळं सांगितलं. मुलाचा दोष कमी करायचा प्रयत्न केला आणि त्यात माझाच वाढवून बसले. त्यांनी सुई खाली ठेवली नाही.

‘‘आमचा सण गप्प राहण्याचा आहे,’’ त्या म्हणाल्या.

त्या दिवशी उजाडल्यापासून कुणी बोलत नाही. न बोलता घर झाडायचं, नवं पाणी भरायचं, मधोमध एकच दिवा लावायचा. लेकरांना ते झेपत नाही म्हणून त्यांना शेजारी पाठवतात. आणि मग घरातलं सगळ्यात मोठं माणूस उठतं. ज्या माणसाशी बोलायची त्याला भीती वाटते त्याच्याकडे जातं, आणि वर्षभर पोटात ठेवलेलं बोलतं. ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही, नुसतं ऐकून घ्यायचं. मग एकेक जण उठतो. सगळ्यांचं बोलून झालं की लेकरांना आणतात, घंटा वाजवतात, आणि मग काय हवा तो गोंधळ.

माझ्या पोरांना मी टाळ्या शिकवल्या होत्या.

‘‘शाळेपुरतं दुपारपर्यंत गप्प राहिलं तरी चालेल,’’ त्या म्हणाल्या. मग सुई थांबली. ‘‘दिव्याचं काय म्हणालीस मघाशी? कसा विधी?’’

मी म्हटलं, जाऊ द्या, ते काही खरं नव्हतं.

‘‘दाखव.’’

काय करणार? मी पाण्याचं फुलपात्र उचललं, दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरलं आणि त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांनीही बघितलं. त्यांचे डोळे अगदी त्याच्यासारखे होते, फक्त त्यात हसू नव्हतं. फुलपात्र त्यांच्या हातात जाईपर्यंत पाणी माझ्या मनगटावर सांडलं.

‘‘हे त्याने तुला किती वेळा करायला लावलं?’’

‘‘दर तालमीला.’’

‘‘आणि तू केलंस.’’

‘‘मला वाटलं, सण आहे.’’

‘‘पहिल्या दिवशी वाटलं असेल,’’ त्या म्हणाल्या.

मला जागच्या जागी विरून जावंसं वाटलं. त्यांनी फुलपात्र खाली ठेवलं, दुपट्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. ‘‘आमच्या घरात अजून बाहेरची मुलगी आलेली नाही,’’ त्या शेवटी म्हणाल्या. रागाने नाही, हवेत गारवा आहे म्हणावं तितक्या साधेपणाने. ‘‘जा आता. पोरांना गप्प बसवायचंय तुला.’’

घरी परतताना मला दोन गोष्टी लख्ख कळल्या होत्या. एक, मला तो हवा होता, सोंगासकट. दुसरी, त्याच्या आईला मी नको होते.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, आमची पोरं दुपारपर्यंत गप्प बसली तर मी तुम्हाला कायमच काय, माझी खुर्चीही देईन. पण करा. चुकलंत तर मात्र माझ्या हातात काही राहणार नाही.

सणाची सकाळ उजाडली. सभागृहात शिरताना पोरांनी तोंडावर बोटं ठेवली होती, काहींनी तर दोन्ही हात. गुंडी मोठ्या खुर्चीत बसली, नव्या फ्रॉकमध्ये, पाय जमिनीपासून वर लोंबकळत. शेजारच्या बाकावर तिची आजी आणि त्यांच्यातली मोठी माणसं, गंभीर, हात मांडीवर. तो मागे दाराशी उभा होता. त्या दोन दिवसांत आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो.

पोरांनी न बोलता सभागृह झाडलं. न बोलता कळशीने पाणी आणलं, थोडं सांडलं, न बोलताच पुसलं. मी मधोमध दिवा लावला. मग सगळी खाली बसली आणि शांतता पसरली... अशी शांतता त्या शाळेने कधी ऐकली नव्हती. बाहेर पागोळ्या टपकत होत्या. मी एकेका चेहऱ्याकडे बघत होते. आता कोण फुटणार? आता कोण?

आणि एकाला उचकी लागली.

उचक. पहिल्या रांगेतले खांदे गदगदू लागले. पुन्हा उचक. हसू एका रांगेतून दुसऱ्या रांगेत पसरत चाललं, गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं. मी गुंडीकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता, खालचा ओठ बाहेर आला होता. संपलं, मला वाटलं. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उपरण्यात तोंड खुपसलं, आणि मला वाटलं, ते आता उठणार, गुंडीला कडेवर घेणार. पण त्यांचेही खांदे हलत होते. गुंडीने ते पाहिलं. तिने दोन्ही तळवे तोंडावर घट्ट दाबले आणि तीही त्या गदगदण्यात सामील झाली. तोंडातून मात्र कुणाच्याही आवाज आला नाही. हळूहळू उचकी थांबली आणि पुन्हा सगळं शांत झालं.

मग त्याच्या आई उठल्या.

त्या गुंडीजवळ जातील असं मला वाटलं, पण तिला ओलांडून गेल्या. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या मुलाकडे बघितलं आणि त्याच्याकडेही गेल्या नाहीत. त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या.

‘‘मला तुझी भीती वाटते,’’ त्या म्हणाल्या. सगळं सभागृह ऐकत होतं. ‘‘थोरला समुद्रावर असतो. हा एक जवळ राहिलाय, तोही तू नेशील असं वाटतं. परवापासून हेच पोटात आहे. ते घेऊन मला नवं वर्ष काढायचं नाही, म्हणून बोलले.’’

उत्तर द्यायचं नसतं. मी हात जोडून उभी राहिले. मी त्यांना घाबरत होते, आणि त्या मला. हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या जाऊन बाकावर बसल्या.

मग पोरं उठली. सभागृहभर कुजबुज सुरू झाली. तुझं खोडरबर मी घेतलं होतं. तू मला खेळायला घेत नाहीस तेव्हा मला रडू येतं. चिडवणाऱ्यांतला एक धीट मुलगा गुंडीच्या खुर्चीसमोर मान खाली घालून किती तरी वेळ काहीतरी सांगत होता, आणि गुंडी राणीसारखी ऐकत होती. मोठ्या बाई उठून आपल्या खोलीत गेल्या. नंतर कळलं, तिसरीच्या त्या बाईंना फोन करायला.

मी उभीच होते. मला कुठे जायचं होतं ते मला माहीत होतं, आणि पाय उचलत नव्हता. त्याची आई बघत होती, सगळी शाळा बघत होती, आणि उद्या ही गोष्ट मामाच्या कानावर जाणार होती. तरी मी चालू लागले. दारापर्यंतचं अंतर इतकं लांब असेल असं वाटलं नव्हतं.

त्याच्यासमोर थांबले तेव्हा ठरवलेलं सगळं विसरले. खूप रागवायचं ठरवलं होतं.

‘‘तुम्ही माझ्याशी खोटं बोललात,’’ मी म्हटलं. ‘‘मला अजून राग आहे. आणि मला तुम्ही आवडता. फार आवडता... मला तुमच्या आईंची भीती वाटते, माझ्या घरच्यांची वाटते, उद्याची वाटते. तुम्ही नसाल तर काय, याची त्याहून जास्त वाटते.’’

त्याचे ओठ हलले आणि मिटले. उत्तर द्यायचं नसतं. तो नुसता ऐकत उभा राहिला. नियम त्याला आता तरी ठाऊक होता, आणि मला पहिल्यांदाच वाटलं, नसता तर बरं झालं असतं.

आता बोलायची पाळी त्याची होती. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि माझ्या बाजूने निघून गेला. तो सभागृह ओलांडून सरळ बाकाकडे गेला, आईच्या पायांशी जमिनीवर बसला. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे जायचं असतं, हे मला तेव्हा आठवलं.

‘‘आई,’’ तो म्हणाला. आवाज बारीक होता, तरी मला ऐकू आलं. ‘‘दिव्याचं खोटं मी रचलं, कारण त्यांनी माझ्याकडे बघावं असं वाटत होतं. मला या बाईंशी लग्न करायचंय. तुला दुखवून नाही. पण करायचंय.’’

आईंनी ऐकून घेतलं. उत्तर दिलं नाही, देता येत नव्हतं. किती तरी वेळ त्या त्याच्या डोक्याकडे बघत राहिल्या. पोरांचं बोलून संपत आलं होतं, कुणीतरी घंटा वाजवली, मग दुसरी वाजली, मग सगळ्या एकदम, आणि सभागृहात नुसता गोंधळ उसळला. त्या गोंधळात आईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग त्या बाकावर थोड्या सरकल्या आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.

मी जाऊन तिथे बसले.